पांढऱ्या टेकडीवरची वारुणी

एका राज्यात, उत्तरेच्या वाऱ्याला तोंड करून, चुनखडीची एक पांढरी टेकडी उभी होती. फार पूर्वी तिथे समुद्र होता. तो निघून गेला आणि जाताना आपले शिंपले मागे विसरला. त्या शिंपल्यांच्या मातीत द्राक्षांचा मळा होता आणि मळ्यात एकच घर होते. त्या घरची माणसे सात पिढ्या द्राक्षांची शुभ्र वारुणी करीत. वेलींना शेणखत आणि पालापाचोळा यांखेरीज काही घालीत नसत. ती वारुणी फार गोड नसे. तिला ओल्या दगडाची चव असे आणि मागाहून जिभेवर किंचित खारटपणा राही. जो तिचा घोट घेई, त्याला सूर्यास्तापर्यंत खोटे बोलता येत नसे. म्हणून दरवर्षी सिंहासनदिनी राजा तिचा पेला पिई आणि मगच न्यायाला बसे.

दीर्घबाहू राजा गादीवर आला, तेव्हा त्याने मळ्याच्या धन्याला, गुणाकराला, बोलावून घेतले.

"वर्षाला बाराच रांजण?" राजाने विचारले. "सात राजांना मला भेटी पाठवायच्या आहेत. मला शंभर हवेत."

"महाराज, टेकडी देते तेवढेच आम्ही घेतो."

राजाच्या शेजारी मांत्रिक कालजंघ उभा होता. त्याने करड्या राखेची पोती पुढे केली. "ही मुळांशी टाका. टेकडी मागाल तेवढे देईल."

"आणि नाही टाकली तर?"

"तर मळा माझा," राजा म्हणाला.

राख पडली. त्या साली आवळ्याएवढी द्राक्षे लागली आणि घडांच्या भाराने मांडव वाकले. वारुणी तयार झाली, की पहिला घोट घरच्यांनी घ्यायचा, अशी रीत होती. घरात चौघे होती. गुणाकर, त्याची बायको सुलक्षणा, एकोणीस वर्षांचा पुंडरीक आणि सोळा वर्षांची वैजयंता. वैजयंतेचा त्या दिवशी उपवास होता, म्हणून ती पेल्यांचे तबक धरून अंगणात उभी राहिली. आई प्यायली, बाबा प्याले. पुंडरीक प्याला आणि बहिणीकडे पाहून हसला. हसता हसताच त्याच्या पायांना मुळे फुटली. क्षणभराने अंगणात तीन वेली उभ्या होत्या, आणि रांजणांतल्या वारुणीची राख झाली होती.

राजाला हे कळले. त्याने दवंडी पिटवली, की टेकडीवरचे कुटुंब आपखुशीने देश सोडून गेले. लोकांनी ते खरे मानले. त्या वाटेने कोणी फिरकेनासे झाले.

वैजयंता तिथेच राहिली. पहिल्या वर्षी ती वेलींशी पुष्कळ बोले. आज भाजीत मीठ जास्त पडले, कौल फुटले, आई, तुझे लुगडे उन्हात घातले आहे. दुसऱ्या वर्षी बोलणे कमी झाले. तिसऱ्या वर्षी एके दिवशी तिला ठेच लागली आणि तोंडून "अगं आई" निघाले, तर आवाज कोणा परक्या बाईचा वाटला. पंधरा दिवस आपण एकही शब्द बोललो नाही, हे तिला तेव्हा उमगले. हिवाळ्यात पाने गळली, की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. ती तिन्ही खोडांना गवत गुंडाळी. वसंतात कोंब दिसेपर्यंत तिला नीट झोप येत नसे.

एका सकाळी बांधावर एक चंडोल उतरला आणि माणसाच्या वाणीने म्हणाला, "वैजयंते, राखेने टेकडीचा श्वास कोंडला आहे. तीन कामे करशील?"

"सांग."

"मुळांवरची राख हातांनी उचल. फावडे लावू नकोस, मुळे दुखावतील. मग समुद्राकडे जा. घागरभर पाणी आणून माथ्यावर ओत, म्हणजे टेकडीला तिची आठवण येईल. जाता-येता कोणाशी बोलू नकोस. त्यानंतर जी पहिली वारुणी निघेल, ती राजाला दे."

"त्या राजाला?"

"त्यालाच. देताना काही मागू नकोस, कसला आरोप करू नकोस. ज्याच्या हुकमाने राख पडली, त्याने ते आपल्या तोंडाने सांगितले, तर शाप उतरेल."

एवढे बोलून चंडोल उडाला. तो पुन्हा कधी आला नाही.

बाराशे वेली होत्या. वैजयंता एकेका वेलीपाशी बसून मुळांच्या फटींतून राख वेची, पाटीत भरी आणि दूरच्या कोरड्या घळीत टाकून येई. या कामाला सहा वर्षे लागली. तिच्या बोटांना भेगा पडल्या आणि भेगांत चुना भरून राहिला.

मग घागर घेऊन ती निघाली. चाळीस दिवसांनी तिला समुद्र दिसला. किनाऱ्यावर मिठागर होते आणि तिथे एक म्हातारी एकटीच राहत होती. तिने वैजयंतेला न विचारता भात वाढला, पायांना तेल लावले.

"मुकी आहेस का गं?" म्हातारी म्हणाली. "असू दे. माझ्याकडे राहा. मलाही कोणी नाही. नाव तेवढे सांग, म्हणजे हाक मारता येईल."

नऊ वर्षांत तिला कोणी हाक मारली नव्हती. नाव ओठांशी आले. तिने ओठ दाताखाली घट्ट धरले, म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेली घागर उचलली. बऱ्याच अंतरावर जाऊन तिने मागे पाहिले. म्हातारी अजून दारात उभी होती.

माथ्यावर पाणी ओतले, तेव्हा टेकडीने एक दीर्घ श्वास घेतला. घराची कौले खडखडली. पुढची दोन वर्षे द्राक्षे आंबटढाण आली. तिसऱ्या वर्षी घड लहान लागले, पण त्यांना दगडाचा वास होता. एक रांजण भरला.

सिंहासनदिनी वैजयंता पेला घेऊन दरबारात उभी राहिली.

"तू कोण?" राजाने विचारले.

"पांढऱ्या टेकडीवरची. सिंहासनदिनाचा पेला आणला आहे."

"महाराज, पिऊ नका," कालजंघ म्हणाला.

राजाने त्याच्याकडे पाहिले नाही. बारा वर्षे त्याच्या तोंडाला कशाचीच चव नव्हती. आंबा आणि माती त्याला सारखीच लागे. त्याने पेला घेतला आणि सावकाश प्याला. त्याचे डोळे भरले. "खारट आहे," तो हळूच म्हणाला.

मग रीतीप्रमाणे प्रधानाने विचारले, "महाराज, आपल्या राज्यात कोणावर अन्याय झाला आहे काय?" टेकडीचा पेला बंद झाल्यापासून दरवर्षी राजा "नाही" म्हणे. आताही तो तेच म्हणायला गेला, पण शब्द निघाले ते वेगळे.

"झाला आहे. टेकडीवरचे कुटुंब देश सोडून गेले नाही. राख माझ्या हुकमाने पडली. त्यांच्या वेली झाल्या, आणि ते मी लपवले."

कालजंघ उभ्या जागी ढासळला आणि त्याची ओंजळभर राख झाली. झाडूवाल्याने ती भरून बाहेर नेली.

"मुली, तुला काय देऊ?" राजाने विचारले.

"काही नको. मला घरी जायचे आहे."

ती टेकडी चढून आली, तेव्हा दुपार कलली होती. अंगणात तीन माणसे उभी होती. पुंडरीकाच्या चेहऱ्यावरचे हसू अजून पुरे झाले नव्हते. आईने पदर सावरला.

"कोणाकडे आलात, बाई?"

"आई, मी वैजू."

"वैजू आत आहे. उपवास आहे आज तिचा," आई म्हणाली, आणि घराकडे वळून तिने हाक मारली. दोनदा मारली. आतून कोणी आले नाही. तेव्हा आईने वैजयंतेचे हात आपल्या हातांत घेतले, भेगांतला चुना पाहिला आणि ती पदराने तो पुसू लागली.

पुढे सारे मार्गी लागले. राजा अनवाणी टेकडी चढला आणि त्याने गुणाकराची क्षमा मागितली. वर्षाला बाराच रांजण दरबारात जाऊ लागले. राज्यातल्या लोकांचा न्यायावर पुन्हा विश्वास बसला. पुंडरीक धाकट्या बहिणीला हाक मारताना अडखळे, कारण आता ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी दिसत होती.

घरी परतल्याच्या पहिल्या संध्याकाळी चौघे जेवायला बसली. तिघे एकदमच बोलत होती. वैजयंतेला इतके आवाज सोसेनात. ती मुकाट्याने ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसली. बारा वर्षे ती तिथेच जेवत आली होती.

थोड्या वेळाने आई आपले ताट घेऊन बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली. खाली मळ्यात ऊन उतरत होते. दोघी काही न बोलता जेवल्या. ताटे रिकामी झाल्यावरही कितीतरी वेळ दोघींपैकी कोणी उठले नाही.