सरपंचांचा चेहरा

फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या शकुंतलाबाई गुरव तिन्ही प्लॅन ऐकून पार गोंधळल्या. एआयकडून महिन्याला चित्रं शंभर घ्यावीत, पाचशे की हजार? प्लॅन विकायला आलेले एआय कंपनीचे टायवाले साहेब वैतागले.

"ताई, तुम्हाला नाही कळायचं. हजारवाला घ्या."

"उद्या सरपंचांचा वाढदिवस आहे. हा त्यांचा फोटो, बॅनरचं चित्र काढून दाखवा."

साहेबांनी काढलं. फेटा झकास होता, पण चेहरा भलत्याच माणसाचा. पुन्हा काढलं, तर तिसराच कोणी आला.

"म्हणून तर हजार लागतात," साहेब म्हणाले.

बाई आणखीच गोंधळल्या. "पण साहेब, आमच्या सरपंचांना चेहरा एकच आहे. तेवढा एक नक्की येईल, असा प्लॅन यातला कोणता?"

मग तिन्ही प्लॅन पुन्हा वाचायची पाळी साहेबांवर आली.