अमिराचा भरवसा

समुद्रकाठच्या एका अरबी राज्यात हमदान अमीर झाला, तो बापाला फसवून. बाप उपचारांसाठी परदेशी गेला आणि मागे मुलाने गादी बळकावली. राज्याला ते ठाऊक होते, पण बोलायची कोणाची छाती नव्हती.

आता हमदानलाच शस्त्रक्रियेसाठी परदेशी जायचे होते. निघण्याआधी त्याने धाकट्या भावाला, माजिदला, दरबारात उभे केले आणि हुकमाचा कागद हातात घेतला.

"तुझे युवराजपद काढले. माझ्यामागे माझा मुलगा राज्य सांभाळेल. तू आजपासून नजरकैदेत."

माजिदने विचारले, "माझा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही. पण भावाचा काय भरवसा? पोटचा मुलगा दगा देत नाही. काय रे जुमा, खरे ना?"

म्हातारा जुमा बापाच्या काळापासून दरबारात कॉफी देत होता. अमिराचा पेला भरत तो म्हणाला, "खरेच असेल, हुजूर. विमानाला निघताना तुमचे वडीलही इथेच बसून हेच म्हणाले होते."

माजिदने डोळे मिटले. म्हाताऱ्याचे डोके आता धडावर राहत नाही, असे त्याला वाटले.

अमीर शेजारी बसलेल्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिला. मुलाने मान खाली घातली. तेव्हा अमिराने हुकमाचा कागद फाडला.

"माजिद, बस खाली," तो म्हणाला. "आणि परदेशातल्या त्या डॉक्टरलाच इकडे बोलवा."