घासून काढलेली कल्हई

नदीकाठच्या गावातील एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर एके सकाळी तंबाखूचे एक व्यापारी येऊन टेकले. धनपालशेठ त्यांचे नाव. माल पारखायचा म्हणजे प्रत्येक पोत्यातली चिमूट विडीत वळून ओढून पाहायची, ही त्यांच्या पेढीची रीत, आणि ती त्यांनी आयुष्यभर इमानेइतबारे पाळली होती. आता चार पायऱ्या चढल्या की छाती आवळून येई. वडील याच वयात पेढीवर बसल्या बसल्या गेले होते, त्यामुळे शेठजींनी मनाने केव्हाच निरवानिरव केली होती.

"शहरातले डॉक्टर म्हणतात, रक्ताच्या नळ्या तुंबलेल्या नाहीत, पण त्यांचं आतलं अस्तर बिघडलंय. गोळ्या दिल्यात. पण वैद्यबुवा, तुम्ही मला एकदा आतून खरडून साफ करा. मग काय व्हायचं ते होऊ दे."

वैद्यांचा शिष्य श्रीपाद हे ऐकून खुलला. शरीर धुऊन काढणारा एक जहाल काढा तो नुकताच शिकला होता आणि कोणावर तरी तो चालवून पाहायला त्याचे हात शिवशिवत होते. "गुरुजी, काढा उकळायला ठेवू?"

वैद्यांनी आतून एक जुने पितळी पातेले आणून त्याच्यापुढे ठेवले. "शेठजींसाठी ताक ठेवायचंय. आधी हे आतून लख्ख घासून आण."

रोगी छाती धरून बसलाय आणि गुरुजींना ताकाची पडली आहे! श्रीपाद मनातल्या मनात चरफडला. पण घासायचे तर कसून, हा त्याचा स्वभाव. जन्म स्टीलच्या भांड्यांत गेलेला, त्यामुळे पातेल्याचा आतला करडा रंग त्याला मळ वाटला. चिंच, विटकरीची पूड आणि काथ्या घेऊन दंड भरून येईपर्यंत तो घासत राहिला, तेव्हा कुठे पिवळे पितळ झळकले. वैद्यांनी त्यात ताक ओतले आणि वर झाकण ठेवले.

दुपारी जेवणे झाल्यावर शेठजींनी ताकाची वाटी ओठांजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. "अहो, हे तर कळकलंय! हिरवट झालंय बघा. आतली कथलाची कल्हई सगळी घालवली की हो यानं!"

श्रीपादचा चेहरा पडला.

"शेठ, हेच तुम्ही स्वतःचं करून मागत होता," वैद्य म्हणाले, "आणि हा आनंदानं करून देणार होता."

मग ते सावकाश बोलू लागले. "नळीत मळ असता तर गोष्ट वेगळी. तुमची तर कल्हईच झिजते आहे. आतलं ते नाजूक अस्तर नळीला सारखा निरोप देतं, सैल हो, रक्ताला वाट दे. विडीच्या धुरानं शरीरात प्राणवायूचे उच्छृंखल कण माजतात. ते अस्तराला पोळतात, आणि तो निरोप वाटेतच गिळून टाकतात. निरोप पोचत नाही म्हणून नळी आखडून राहते, आणि तुमची छाती आवळते. त्यावर आणखी जहाल काही ओतून काय साधणार?"

"म्हणजे माझी कल्हई गेली." शेठजी म्हणाले. "आता ती लावणारा कुठून आणू?"

"भांड्याला बाहेरचा माणूस लागतो. तुमचं अस्तर जिवंत आहे, शेठ. पोळणं थांबलं की ते स्वतःला सावरू लागतं. विडी आजच सोडा. डॉक्टरांना विचारून झेपेल तेवढं चाला, त्यांची गोळी चुकवू नका. अस्तर किती सावरलं, ते तेच तपासून सांगतील. पण उशीर झालेला नाही."

उपरण्याने डोळे पुसून शेठजींनी पेढीवर भावाला फोन लावला. "ऐक, आजपासून कोणी माल ओढून पाहायचा नाही. तूसुद्धा नाही. अरे, बरा आहे मी. खरंच बरा आहे. संध्याकाळी जेवायला थांबा म्हणावं घरी, मी येतोय."

श्रीपाद ते ऐकत खाली मान घालून बसला होता. विटकरीच्या पुडीने बोटे अजून चुरचुरत होती. शेठजी रोगातून किती सावरतील, ते पुढचे पुढे. आपल्या जहाल काढ्याच्या तडाख्यातून ते वाचले, या विचाराने त्याला इतके हायसे वाटले की त्याने वाकून आधी शेठजींच्या पायांना हात लावला आणि मग गुरुजींच्या.