मलियानने काढलेली साल

दोन तळी, आणि मधली ही झाडीतली पाऊलवाट. होडी डोक्यावर घ्यायची आणि या तळ्यातून त्या तळ्यात जायचं, बस्स. पण पाहुणे आले की सबेत आजी त्यांना आधी खाली बसवते. "फोटो मागाहून काढा, वाट कुठं पळून जात नाही."

आजी वाबानाकी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, पहाटेच्या मुलखातली. तिच्या लोकांत जुनी रीत होती. पुढे जाणाऱ्याने बर्च झाडाच्या सालीवर नकाशा कोरायचा आणि फांदीच्या बेचक्यात खोचून ठेवायचा. मागून येणाऱ्याला मुक्काम कळायचा.

असं सांगतात, की गोऱ्या शिपायांनी नदीकाठची गावं जाळली, तेव्हा मलियान नावाची बाई उरलीसुरली चाळीस माणसं घेऊन इथून निघाली. तिचा एकुलता एक लेक सोझाप शिकारीला गेलेला. त्याच्यासाठी तिने इथेच साल कोरून खोचली. पलीकडच्या तळ्यावर पोचते न पोचते तोच बातमी आली, की शिपाई मागावर आहेत आणि त्यांचा वाटाड्या आपल्यातलाच आहे. म्हणजे साल वाचणारा!

"साल काढून आण," म्हातारे म्हणाले.

"आणि माझा सोझाप? तो कसा शोधेल आपल्याला?"

म्हाताऱ्यांनी मागच्या माणसांकडे बोट दाखवलं. कडेवर लेकरं होती, दोन बाया पोटुशा होत्या.

ती धावत इथे परत आली. सालीवर खोटी दिशा कोरावी, असंही मनात आलं म्हणे. पण सोझापच आधी पोचला तर? शेवटी तिने साल ओढली, तुकडे करून पाण्यात सोडले आणि गेली. एकदाही मागे वळली नाही, असं लोक सांगतात. आजी मात्र उसळते. "काहीतरीच! आई होती ती. दर दहा पावलांवर वळली असेल."

चाळीसच्या चाळीस माणसं वाचली. सोझाप आला नाही. शिपायांनी गाठला, की रानात भटकून संपला, देव जाणे. मलियान मरेपर्यंत दरवर्षी बर्फ वितळलं की इथे येऊन बसायची.

आजही या वाटेवर कुणी सालीची खूण ठेवत नाही. सगळे पलीकडे गेले तरी मागून येणाऱ्याला तोंडी वाट सांगायला एक माणूस दिवस कलेपर्यंत इथे बसून राहतो. आज आजीची पाळी होती.

"पण आजी, मागे तर कुणीच राहिलं नाही," एक पाहुणी म्हणाली.

आजीने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"कुणी नाही कसं? सोझाप यायचाय अजून."