मुंगीचा दाणा आणि तांबडा भात

त्या दिवशी धुकं होतं. दाट धुकं. दारातला माड दिसेना, विहीर दिसेना.

मी भात करायला बसलो होतो. आपला नेहमीचा नाही. तुर्कांच्या देशातला, टोमॅटोचा तांबडा भात. शेजारच्या कासमभाईने शिकवलेला. तो जहाजावर स्वयंपाकी होता.

परातीत पाणी. पाण्यात मीठ. त्यात तांदूळ भिजलेले.

एक मुंगी आली. तुरूतुरू, तुरूतुरू. तोंडात एकच दाणा, तांदळाचा. परातीच्या काठावर चढली, वाकून बघितलं.

टुपुक! दाणा पडला आत.

मुंगी म्हणाली, "आजोबा, माझा दाणा द्या. घरी धाकटी बहीण उपाशी आहे."

मी बोटाने शोधला. सगळे दाणे सारखे. मी म्हणालो, "बाय माझे, भात शिजला की एक शीत तुझं."

मुंगी तांदळाकडे गेली.
"तांदळा तांदळा, शीज ना.
दाणा मिळेना,
धाकटी उपाशी बाई, धाकटी उपाशी."
तांदूळ म्हणाला, "टोमॅटो पातेल्यात उतरल्याशिवाय मी शिजायचा नाही."

तुरूतुरू, तुरूतुरू. टोमॅटो बसला होता वाटीत, किसलेला.
"टोमॅटो टोमॅटो, उतर ना.
भात शिजेना,
दाणा मिळेना,
धाकटी उपाशी बाई, धाकटी उपाशी."
टोमॅटो म्हणाला, "लोणी वितळल्याशिवाय मी उतरायचा नाही."

तुरूतुरू, तुरूतुरू. लोणी पातेल्यात गोळा होऊन बसलं होतं.
"लोण्या लोण्या, वितळ ना.
टोमॅटो उतरेना,
भात शिजेना,
दाणा मिळेना,
धाकटी उपाशी बाई, धाकटी उपाशी."
लोणी म्हणालं, "चूल पेटल्याशिवाय मी वितळायचं नाही."

तुरूतुरू, तुरूतुरू. चूल थंडगार.
"चुली चुली, पेट ना.
लोणी वितळेना,
टोमॅटो उतरेना,
भात शिजेना,
दाणा मिळेना,
धाकटी उपाशी बाई, धाकटी उपाशी."
चूल म्हणाली, "आजोबांनी फुंकल्याशिवाय मी पेटायची नाही."

तुरूतुरू, तुरूतुरू. मुंगी माझ्या गुडघ्यावर चढली.
"आजोबा आजोबा, फुंका ना.
चूल पेटेना,
लोणी वितळेना,
टोमॅटो उतरेना,
भात शिजेना,
दाणा मिळेना,
धाकटी उपाशी बाई, धाकटी उपाशी."
मी म्हणालो, "कासमभाई आल्याशिवाय मी फुंकायचा नाही. चुकलं तर भाताचा गोळा होईल. मग तुझं शीत सुटायचं कसं?"

तुरूतुरू, तुरूतुरू. धुक्यातून, कुंपणाखालून. कासमभाई ओट्यावर चहा पीत होता.
"चाचा चाचा, चला ना.
आजोबा फुंकेनात,
चूल पेटेना,
लोणी वितळेना,
टोमॅटो उतरेना,
भात शिजेना,
दाणा मिळेना,
धाकटी उपाशी बाई, धाकटी उपाशी."

कासमभाईने कप खाली ठेवला. "धाकटी उपाशी? मग चहा कसला पितोय मी. चल."

कासमभाई आला, मी फुंकलं. फूऽऽ.
मी फुंकलं, चूल पेटली. भक्.
चूल पेटली, लोणी वितळलं. चुर्र.
लोणी वितळलं, टोमॅटो उतरला. फस्स.
टोमॅटो उतरला, तांदूळ आत गेला, वर पाणी ओतलं. रटरट, रटरट. पाणी आटलं.

कासमभाई म्हणाला, "लखूदादा, आता त्याला दम द्या." आणि हात धुवायला गेला.

मी पातेल्यावर वाकलो. दम दिला. "ए भाता, चिकटलास तर बघ हां. गाठ माझ्याशी आहे."
मुंगीनेही दिला. "माझ्याशीपण आहे."

कासमभाई दारात उभा राहून हसायला लागला. "अहो दादा, बिचाऱ्याला रागावताय काय? हा दम वेगळा. फडकं घाला, वर झाकण ठेवा, आणि गप्प बसा."

फडकं घातलं. झाकण ठेवलं. गप्प बसलो. मी गप्प, कासमभाई गप्प, मुंगी गप्प.

मग झाकण काढलं. वाफ आली, हुस्स. तांबडा तांबडा भात. शीत न् शीत सुटं.

केळीच्या पानावर मी एक शीत ठेवलं. "घे बाय, तुझा दाणा."

मुंगीने ओढलं. हलेना. ढकललं. हलेना. दाणा फुगून केवढा झाला होता.

मुंगी गेली. तुरूतुरू, तुरूतुरू.

आली ती धाकटीला घेऊन. मागे आई. मागे मावशी. मागे आत्या, आणि आत्याची सगळी पोरं. पानाच्या कडेने ओळीत बसली. धाकटी पहिली.

कासमभाई म्हणाला, "लखूदादा, बघता काय, वाढा. पंगत बसलीय."