निरगुडीची छडी

सिंदफणा नदीच्या काठी तांबरवाडी नावाचे गाव होते. गावाबाहेर नदीच्या वळणावर अचलनाथ महाराजांचा मठ होता. मठ म्हणायचा एवढेच. चार दगडी खांब, वर गवताचे छप्पर आणि समोर सारवलेले अंगण. महाराज मूळचे कुठले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते बोलत थोडे, पण बोलले की ऐकणाऱ्याची झोप उडत असे. या महाराजांनी एका संतापी माणसाचा हात कसा राखला आणि एका लेकराची गेलेली वाचा कशी परत आणली, ती हकिगत आज सांगायची आहे. सांगताना आवाज चढला तर भाविकांनी सांभाळून घ्यावे. लेकरांना मारल्याची गोष्ट शांतपणे सांगणारे लोक असतात, आम्ही त्यांतले नव्हे.

येसाजी कोष्टी हा महाराजांचा भक्त. तरुणपणी तो देशमुखांच्या शिबंदीत तलवार बाळगून होता. त्याचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. एकदा आठवड्याच्या बाजारात कोणीतरी त्याला धक्का दिला, एवढ्या क्षुल्लक कारणावरून त्याने त्या माणसाला असा बदडला की त्याचा एक डोळा कायमचा गेला. येसाजीने शिक्षा भोगली, पण तो डोळा काही त्याच्या मनातून जाईना. शेवटी तो महाराजांच्या पायाशी येऊन बसला. महाराजांनी त्याला माळ घातली नाही की मंत्र दिला नाही. कोष्टी आळीतल्या पोरांना अक्षरओळख करून दे, एवढेच सांगितले.

येसाजी गोंधळला. म्हणाला, "मारल्याबिगर शिकवायचं कसं, महाराज?"

"तेच तुला शिकायचं आहे," महाराज म्हणाले. "आणि एक ऐक. ज्या दिवशी कोणाला मारशील, त्या दिवशी या अंगणात पाय ठेवू नकोस."

येसाजीने घरी परत माग घातला आणि दुपारी आपल्याच अंगणात शाळा भरवली. पाट्या नव्हत्या, पण कोष्ट्याच्या घरी सुताला काय तोटा! मागावरचे उरलेले रंगीत सूत ओले करून पोरे ते जमिनीवर मांडत आणि अक्षर काढत. चुकले की सूत उचलायचे आणि पुन्हा मांडायचे. एखाद्याने दहाव्यांदा 'क'चा कान उलट्या बाजूला काढला की येसाजीच्या कपाळाची शीर तट्ट फुगे. मग तो दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभा राही आणि दातांवर दात ठेवून म्हणे, "आता पुन्यांदा मांड, माझ्या राजा." पोरांना वाटे, मास्तरांना थंडी वाजते आहे.

गावातली मोठी शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरे. तिथले पंतोजी त्रिंबकपंत धारूरकर. विद्वान माणूस, अक्षर मोत्यासारखे, यात वाद नाही. पण त्यांच्या हाती निरगुडीची एक छडी असे, तीन वर्षांची, तेल पाजून पाजून काळी पडलेली. पाढा चुकला की छडी, बाराखडी अडखळली की छडी, आणि काहीच चुकले नाही तर उद्या चुकेल म्हणून आजच छडी. आईबापही असे शहाणे की पोराला शाळेत घालताना "चांगला झोडा, पंत" असे हात जोडून सांगत. येसाजीच्या शाळेला पंत 'सुईणीची शाळा' म्हणत. तलवार टाकून सुताचे गुंडे कवटाळणारा हा मर्द, असे चारचौघांत म्हणत आणि लोक खो खो हसत.

पंतांचा मुलगा चिंतामण सात वर्षांचा होता. आषाढात पंतांनी त्याला पावकी, म्हणजे पावाचा पाढा, शिकवायला घेतली. बापाची शाळा, म्हणून इतरांना एक छडी तर याला तीन. श्रावणात एके दिवशी पाढा म्हणायला पोराने तोंड उघडले आणि आवाजच आला नाही. तेव्हापासून तो घरी, दारी, आईजवळसुद्धा एक अक्षर बोलला नाही. पंत म्हणाले, ढोंग आहे, उतरवतो. भादव्यात ते पोर दुपारी हळूच येसाजीच्या अंगणात येऊन बसू लागले. मुकाट्याने सूत मांडी आणि मुकाट्याने निघून जाई. एकदा वाकल्यावर त्याचा अंगरखा वर सरकला आणि येसाजीला त्याची पाठ दिसली.

येसाजी तसाच उठला आणि देवळाच्या वाटेला लागला. अर्ध्या वाटेवर त्याला महाराजांची अट आठवली. तो नदीकडे वळला आणि मठात येऊन ताडकन म्हणाला की मला एकदाच मोकळीक द्या, फक्त एकदाच. महाराज नाही म्हणाले. तेव्हा येसाजी महाराजांवरच उसळला.

"तुमचं काय जातंय नाही म्हनायला?" तो म्हणाला. "पाठ त्या लेकराची हाय."

भक्ताने गुरूला असे बोलावे का, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने ती पाठ पाहिलेली नाही. महाराज रागावले नाहीत. त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पंतांच्या दारी गेले आणि लेकराला मारू नका म्हणून त्यांनी विनवले. पंतांनी बसायला पाटसुद्धा दिला नाही. आपण देव सांभाळावा, शाळा मी सांभाळतो, असे सांगून त्यांनी महाराजांना वाटेला लावले.

अशात खंडेनवमी आली. या दिवशी ज्याचे पोट ज्यावर चालते त्याची त्याने पूजा करायची आणि पूजेला मांडलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत जागचे हलवायचे नाही, ही गावाची रीत. देवळापुढच्या मांडवात देशमुखांच्या तलवारी मांडल्या होत्या. शेजारी नांगराचे फाळ, न्हाव्याचा वस्तरा आणि लोहाराचा घण. पंतांनी लाल कापडावर छडी ठेवली, तिला कुंकू लावले, झेंडू वाहिला. पोथ्या तिच्या खाली होत्या. येसाजीने कोपऱ्यात सुताची एक लड ठेवली. पंत मोठ्याने म्हणाले की येसाजीने आता बांगड्याही पूजेला मांडाव्यात. मांडव हसला. मागे खांबाला टेकून अचलनाथ महाराज बसले होते, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

देशमुख खुशीत होते. पंतांना बरे वाटावे म्हणून त्यांनी चिंतामणला पुढे बोलावले आणि पावकी म्हणायला सांगितले. पोर उभे राहिले. त्याचे ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, डोळ्यांत पाणी आले, पण आवाज काही फुटला नाही. लाजतोय, असे म्हणत देशमुख हसले. पण पंतांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. त्यांनी हात लांब केला आणि पूजेतली छडी उचलली. कुंकू सांडले, फुले उधळली. "पंत, पूजेची हाय, हात लावू नगा," असे गुरव म्हणाला, तोवर पहिली छडी पोटरीवर बसली होती.

दुसरी पाठीवर बसली. मांडवात साठ माणसे होती आणि समोर तलवारी मांडलेल्या होत्या. रीत मोडली म्हणून माणसे हळहळली. पोर मोडत होते त्याची हळहळ कोणालाच नव्हती. धिक्कार असो असल्या गर्दीचा! तिसरी छडी मात्र येसाजीच्या दंडावर पडली, कारण तो मधे शिरला होता. त्याने छडी धरली, एका हिसक्यात काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने पंतांचा गळा पकडला. आता मांडवाला कंठ फुटला. हाण, येसाजी, हाण, असे तेच लोक ओरडू लागले.

येसाजीचा हात वर गेला. मठ, अट, तो फुटलेला डोळा, काही काही त्याला आठवत नव्हते. एवढ्यात त्याची नजर खाली गेली. चिंतामणने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते आणि तो अंग चोरून येसाजीकडेच बघत होता. छडी कोणाच्या हातात आहे, याने त्या लेकराला काहीच फरक पडत नव्हता. अंगणात रोज शेजारी बसवणारा मास्तरही आता मारणारच, असे त्याने धरून चालले होते.

येसाजीने गळा सोडला. पण वर गेलेला हात खाली येईना. वीस वर्षांचा राग त्या हातात उतरला होता आणि तो एकट्याच्याने आवरत नव्हता. "महाराज," तो रडत म्हणाला, "माझा हात धरा."

महाराज जागचे उठले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले. आणि काय सांगावे! काळ्या, वाळक्या त्या छडीच्या पेरापेरांवर हिरवे डोळे दिसू लागले. बघता बघता त्यांतून कोंब फुटले, कोंबांची पाने झाली, पाच-पाच बोटांची, ओली, कोवळी. मांडवभर निरगुडीचा उग्र वास पसरला. एक फांदी वाकून येसाजीच्या कपाळाला लागली, तेव्हा त्याने वर पाहिले. आपण काय धरले आहे हे त्याला दिसले आणि त्याचा हात आपोआप खाली आला.

महाराज उठून पुढे आले. त्यांचा चेहरा तापलेला होता. महाराजांना असे रागावलेले गावाने कधी पाहिले नव्हते.

"पंतोजी, निरगुडीचा पाला कशाला लागतो?"

"सुजेवर शेकायला," पंत पुटपुटले.

"मग शेका."

गुरवाने निखारे आणले, तवा ठेवला. पंतांनी पाला खुडून गरम केला आणि मुलाचा अंगरखा वर केला. इतके दिवस मारले, पण ती पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. ताज्या वळांखाली जुने वळ होते आणि त्यांच्याखाली त्याहून जुने. पंतांनी कसाबसा पाला पाठीला लावला.

"अण्णा, दुखतं," चिंतामण म्हणाला.

श्रावणापासूनचा हा त्याचा पहिला शब्द होता. पंतांच्या हातातून पाला गळून पडला आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराज दोन पावले मागे सरले. म्हणाले, "माझ्या पाया पडून काय उपयोग? मार मी खाल्लेला नाही."

येसाजी मान खाली घालून उभा होता. मी हात उचलला, आता मठात येऊ की नको, असे त्याने हळूच विचारले. महाराज म्हणाले की मारले नाहीस, म्हणजे येऊ शकतोस. येसाजीने खरे तेच सांगितले, राग अजून गेलेला नाही.

"जायला कशाला हवा?" महाराज म्हणाले. "मलाही आलाच आहे."

पंत गुडघ्यांवर सरकत मुलाकडे गेले. पागोटे कुठेतरी पडले होते. साऱ्या गावादेखत ते सात वर्षांच्या पोराच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. बाप जवळ आलेला पाहताच चिंतामणने सवयीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. पंत तसेच, जमिनीला कपाळ लावून, ते हात खाली येण्याची वाट बघत राहिले. फार वेळ लागला.