मळकट तपेली

होड्या अजून शिडांवर चालत होत्या, तेव्हाची गोष्ट. लखमा तांडेलाच्या होडीत जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, एक तपेली होती आणि एक पोलादी सुरा. सुरा लखलखीत, तपेली मात्र कायम राखाडी.

सुरा येता-जाता तिला ओरखडे काढायचा. ओरखडा चांदीसारखा चमकायचा आणि बघता बघता मंदावायचा. "मी एवढं उजळवतो, पण तुझं अंगच मळकट!" सुरा हसायचा. तपेली खजील व्हायची.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली, ती दोघं आतच राहिली. खारा वारा दोघांनाही झोंबत राहिला.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी भर समुद्रात फळी उकलली आणि पाणी आत घुसलं. लखमाने तपेली उचलली. 'इतके ओरखडे, माझी चाळण झाली असेल,' ती धास्तावली. पण पाणी उपसता उपसता होडी किनाऱ्याला लागली, तरी तपेलीतून थेंब गळला नाही. लखमाने तिला उलटीपालटी करून पाहिलं. "शाब्बास गं! जखम झाली की लगेच खपली धरतेस होय!"

कोपऱ्यातून सुरा पुटपुटला, "खपली तर मलाही आलीये, तांबडी."

तपेली हळूच म्हणाली, "माझी खपली मला धरून राहते, दादा. तुझी मात्र तुलाच घेऊन गळते."

त्या संध्याकाळी हंगामातला पहिला भात तिच्यातच रटरटला.